पावसाळाभर उभी राहिलेली छोटी क्वाड बाइक सुरू होत नसेल तर

पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात जूनच्या मध्यावर पाऊस धरला की क्वाड बाइकचा, म्हणजे चार जाड चाकांच्या मोटरसायकलचा, धंदा बसतो. गाड्या ताडपत्रीखाली जातात त्या दसऱ्याच्या तोंडावर बाहेर निघतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी सेल्फ मारला की नुसत्या गरगरतात, पेट घेत नाहीत. मग मालक घाबरून प्लग, कॉइल, सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असं एकेक बदलत सुटतो. मी वाईत राहतो आणि दर वर्षी अशा गाड्या उघडतो. सामान विकत घेण्याआधी हे वाचा. सांगतोय ते ११० ते १२५ सीसीच्या, कार्बुरेटरवाल्या, फोर-स्ट्रोक गाड्यांबद्दल.

सेल्फ फिरतच नसेल तर बॅटरी चार्ज करा, गाडी न्यूट्रलमध्ये घाला आणि ब्रेक दाबून धरा; बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही. किल स्विच आणि मागच्या दोरीचा सेफ्टी स्विचही बघा. दोरी ओढली की इंजिन बंद पडावं म्हणून तो स्विच असतो, आणि पावसात त्याच्या आत गंज धरतो.

सेल्फ फिरतोय पण गाडी पेट घेत नाही, असं असेल तर आधी करंट बघायचा. पेट्रोलला हात त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका, कारण सांडलेल्या पेट्रोलशेजारी ठिणगी पाडणं म्हणजे आगीला बोलावणं. प्लग काढा, कॅपमध्ये बसवा आणि त्याचं लोखंडी अंग प्लगच्या भोकापासून लांब, इंजिनला टेकवून धरा. सेल्फ मारल्यावर निळी, कडक ठिणगी पडली पाहिजे. पिवळट, लुळी पडली तर प्लग बदला, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. प्लग ओला निघाला तर पुसून वाळवा, परत बसवा, चोक न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि सेल्फ मारा. एका वेळी पाच सेकंदांच्या वर सेल्फ दाबू नका, मोटर जळते.

करंट चांगला असेल तर सिरिंजने एक मिलीभर ताजं पेट्रोल प्लगच्या भोकात सोडा, प्लग घट्ट बसवा आणि सेल्फ मारा. गाडी दोन-तीन सेकंद भडभडून बंद पडली, तर इंजिनात जीव आहे, त्याला पेट्रोल मिळत नाहीये. चोकवर चालते आणि चोक काढला की मरते, याचाही अर्थ तोच. पावसाळाभर उभ्या गाडीत हे दुखणं जवळजवळ नेहमी पायलट जेटचं, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता गाडी चालू असताना पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बुरेटरमधल्या बारीक भोकाच्या नळीचं, असतं.

टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांतूनही ते तयार होतं, त्यामुळे त्याच्या नावानं बोटं मोडायला मला आवडत नाही. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि इथल्या चार महिन्यांच्या दमट हवेत ते पाणी कार्बुरेटरच्या तळाशी उतरतं. पेट्रोल उडून जातं, मागे चिकट तपकिरी थर राहतो आणि ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते. हा थर सगळ्यात आधी सगळ्यात बारीक भोकात बसतो, आणि ते भोक पायलट जेटचं.

पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बुरेटर उतरवा आणि खालची वाटी उघडा. पितळेचे दोन जेट दिसतील: मोठा मेन, आणि बाजूच्या खोलगट भागात बसलेला बारीक पायलट. त्याच्या खाचेत नेमका बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या. सैल पानाने खाच गेली की तो जेट निघत नाही आणि सगळा कार्बुरेटर वाया जातो. काही स्वस्त कार्बुरेटरात पायलट ठोकूनच बसवलेला असतो; तिथे ओढाताण न करता जागेवरच स्प्रे आणि हवा वापरा.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मला एकाने सांगितलं, शिवणाची सुई घाल, एका मिनिटात मोकळा होईल. झालाही. गाडी सुरू झाली, पण आयडलला (ॲक्सिलरेटर सोडून नुसती चालू ठेवल्यावर) काळा धूर, आणि दोन दिवसांत प्लग काजळीने भरला. मी तीन प्लग बदलले, हवा-पेट्रोलचं प्रमाण लावणारा मिक्श्चर स्क्रू पिरगाळत बसलो. आठवड्याने नवा जेट शेजारी धरून बघितला तेव्हा कळलं, सुईने भोक मोठं झालं होतं. पितळ मऊ असतं आणि हे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. सुई, टाचणी, स्टीलची तार, काहीही घालायचं नाही. जेट रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, मग बारीक वायरमधली तांब्याची एकच तार हलक्या हाताने फिरवा. जेटच्या अंगावरची आडवी भोकंही मोकळी करा. ती विसरली की सगळं काम पुन्हा करावं लागतं. शेवटी जेट डोळ्यासमोर आभाळाकडे धरा. आरपार गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर अजून घाण आहे, परत भिजवा.

नुसता जेट साफ करून भागत नाही, त्याची वाटही मोकळी हवी. मिक्श्चर स्क्रू हलकेच आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवा, मग काढा. जोर लावलात तर टोक भोकात मोडेल. त्याची स्प्रिंग, वॉशर आणि इवलीशी ओ-रिंग जपा. ओ-रिंग बहुतेक वेळा आतच चिकटून राहते. त्या भोकात स्प्रे मारला की कार्बुरेटरच्या गळ्यातल्या बारीक छिद्रांतून धार यायला हवी. डोळ्यावर चष्मा हवाच, ती धार उलटी येते. पंक्चरवाल्याकडे नेऊन कंप्रेसरची हवा मारा, पण फ्लोट (वाटीतला तरंगता तुकडा) काढून.

सगळं बसवा, ताजं पेट्रोल भरा. आयडल मात्र गाडी जिथे फिरणार तिथेच लावा. पसरणी घाट चढून गेलं की हवा विरळ होते आणि वाईत बसवलेलं मिक्श्चर वर जड पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं.

गाडी सुरू होऊन दहा मिनिटांनी मरत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा. त्याच्या श्वासनळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं मला दोनदा सापडलंय. आणि प्लगच्या भोकावर धरलेला अंगठा सेल्फ मारल्यावर उडत नसेल, तर टॅपेट किंवा व्हॉल्व्हचं काम आहे; ते जाणत्या मेकॅनिककडेच न्या.

पुढच्या जूनमध्ये गाडी झाकण्याआधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं थेंबभर पेट्रोलही कापडावर टिपून घ्या.