जँगोमधील यादीचे पान रेंगाळत असेल, तर आधी क्वेरी मोजा

जँगो या पायथनमधील वेब फ्रेमवर्कमध्ये ५० ऑर्डरींच्या यादीत प्रत्येक ओळीत ग्राहकाचे नाव छापले, की यादीची एक आणि ग्राहकांच्या ५० अशा ५१ क्वेरी (माहितीच्या मागण्या) डेटाबेसकडे जातात. सर्व ऑर्डरी एकाच ग्राहकाच्या असल्या, तरीही. स्वतःच्या संगणकावर चाचणीपुरत्या चार-पाचच नोंदी असल्यामुळे हा प्रकार सहसा लक्षात येत नाही.

१. पानामागच्या क्वेरी दाखवणाऱ्या डीबग टूलबार या साधनाच्या एसक्यूएल पॅनेलमध्ये केवळ आयडी बदलून तेच सिलेक्ट वाक्य पुन्हापुन्हा येते का, ते पाहावे.

२. ऑर्डर ते ग्राहक असे फॉरेन कीचे नाते (प्रत्येक ऑर्डरच्या नोंदीत एका ग्राहकाचा आयडी) असल्यास क्वेरीसेटला, म्हणजे नोंदी मागवणाऱ्या जँगोच्या ऑब्जेक्टला, ‘सिलेक्ट रिलेटेड’ (select_related) जोडावे. दोन्ही तक्ते जोडले जाऊन (जॉइन) एकाच क्वेरीत काम भागते.

३. एका ऑर्डरमधील अनेक वस्तू हव्या असल्यास ‘प्रीफेच रिलेटेड’ (prefetch_related) वापरावे. त्यासाठी फक्त एक जादा क्वेरी लागते.

४. कोडच्या स्वयंचलित चाचणीत ‘असर्ट नम क्वेरीज’ने (assertNumQueries) क्वेरींचा आकडा पक्का करावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे कोणीतरी टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) एक रकाना वाढवला, की जुने दुखणे परत येते.

प्रीफेच केलेल्या वस्तूंवर लूपमध्ये ‘फिल्टर’ लावल्यास आधी आणलेल्या नोंदी वापरल्या न जाता प्रत्येक ऑर्डरसाठी नवी क्वेरी जाते, म्हणून ती अट ‘प्रीफेच’ ऑब्जेक्टच्या क्वेरीसेटमध्येच द्यावी.