ईआरपीत 'बारका चेंज' करताय? ट्रक गेटवर अडकायच्या आधी हे वाचा

कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याबी एमआयडीसीत जावा, आयटीवाल्याला दिवसातून एकदा तरी हे वाक्य ऐकायला मिळतंच: "साहेब, एक बारका चेंज हाय, लगेच करून द्या." मीपण एका फौंड्रीत बरीच वर्षं हेच काम करतोय, ईआरपी (कारखान्याच्या ऑर्डरी, माल, बिलं, हिशोब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याला लोंबकळणारी दहा-बारा सॉफ्टवेअरं सांभाळायची. चेंज बारका असतो हे खरंच असतं ओ, फक्त तो कुठकुठं जाऊन आदळणार हे मागणाऱ्याला माहीत नसतं आणि निम्म्या वेळा आपल्यालाबी नसतं.

माझंच सांगतो. कास्टिंगचं वजन दशांशानंतर दोन आकडी होतं, क्वालिटीवाल्यांना तीन आकडी पाहिजे होतं. केलं. टेस्ट सिस्टीममध्ये स्क्रीन बघितली, रिपोर्ट बघितला, सगळं ओके. रात्री लाईव्ह टाकलं आणि घरी जाऊन झोपलो. पहाटे दोनला डिस्पॅचचा फोन, इनव्हॉइस निघेना, पुण्याला जायचा ट्रक भरून गेटवर उभा. झालं काय, तर ई-इनव्हॉइसकडं (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायची पद्धत) जाणारी टेक्स्ट फाईल ठरलेल्या रुंदीच्या कॉलमची होती, वजन एक अक्षर वाढलं आणि पुढचं सगळं एक घर सरकलं, एचएसएन कोड (मालाचा जीएसटीतला वर्ग सांगणारा नंबर) ८७०८ ने सुरू व्हायचा तो ०८७० ने सुरू व्हायला लागला, पोर्टलनं प्रत्येक बिल परत मारलं. आयआरएन, म्हणजे पोर्टल बिलाला देतं तो नंबर, नाही म्हणजे बिल नाही, बिल नाही म्हणजे गाडी हलत नाही. त्या फाईलचा उल्लेख एकाही डॉक्युमेंटमध्ये नव्हता. पण डिस्पॅचच्या पोराला ती माहीत होती, कारण अडकली की तोच ती फोल्डरमधनं उचलून परत टाकायचा. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम कॉम्प्युटरवर करायचं नाही. एक ऑर्डर पकडायची आणि तिच्या मागं प्लांटभर चालत फिरायचं. कस्टमरच्या पोर्टलवरनं शेड्यूल येतंय ते कोण उतरवून घेतंय, मेल्टिंगला हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर) कुठं टाकतात, मशिनिंगला बाहेर गेलेल्या मालाचं जॉबवर्क चलन कुठनं निघतंय, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर ईआरपीतलं काय वाचतंय, लेबल कुठल्या पीसीवरनं छापतात, बँकेला पेमेंटची फाईल कशी जाते. प्रत्येक टेबलाशी एकच प्रश्न: "हे तुम्हाला कुठनं मिळतं आणि तुम्ही पुढं कुणाला देता?" परचेसमध्ये एक तरी एक्सेल सापडणारच, जी कुणीतरी नोकरी सोडून गेलेल्या माणसानं बनवलीय आणि जी थेट डेटाबेसला जोडलीय. तीबी सिस्टीमच. यादीत घ्या. आमच्याकडं ऑफिसच्या हिशोबानं पाच सिस्टीम होत्या, फिरल्यावर चौदा निघाल्या.

मग एक रजिस्टर. भारी टूल नसेल तर साधी शीट चालते, पण एकच पाहिजे. एका चेंजला एक ओळ: काय बदलायचंय, कुणी मागितलं, यादीतल्या कुठल्या सिस्टीमला धक्का लागणार, टेस्ट कोण करणार आणि उलटं फिरवायचं कसं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर चेंज पुढं सरकत नाही. व्हॉट्सअॅपवर "भावा एवढं करून टाक की" आलं तर उत्तर एकच, रजिस्टरला टाक. इमर्जन्सीला आधी दुरुस्त करा, पण दुसऱ्या दिवशी ओळ भराच. अकाउंट्सच्या बाबतीत तर पर्यायच नाही, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा एडिट लॉग (कुठली नोंद कधी काय बदलली याचा माग) असणं कायद्यानं सक्तीचं आहे, त्यामुळं मागच्या दारानं डेटाबेसमध्ये जाऊन आकडा दुरुस्त करायची जुनी सवय असेल तर सोडा, ऑडिटर विचारतो.

टेस्ट सिस्टीमबद्दल. डेव्हलपमेंट (बदल लिहायची), क्वालिटी (टेस्ट करायची), प्रॉडक्शन (रोजच्या कामाची लाईव्ह) अशा तीन वेगळ्या पाहिजेत, ते सगळ्यांना माहीत असतं. पण क्वालिटीमधला डेटा दोन वर्षं जुना असेल तर ती टेस्ट म्हणजे रिकाम्या मैदानात कुस्ती. प्रॉडक्शनची ताजी कॉपी घ्या. आणि कॉपी घेतल्या घेतल्या, कुणालाबी लॉगिन द्यायच्या आधी, बाहेर जाणाऱ्या सगळ्या वाटा बंद करा: मेल, एसएमएस, बँक, ई-इनव्हॉइस. कॉपीसोबत खऱ्या पोर्टलचा पत्ता आणि पासवर्डपण येतो, टेस्टिंगवाल्यानं शंभर डमी बिलं मारली तर ती खऱ्या पोर्टलवर जाऊन बसतात. ई-इनव्हॉइसला सँडबॉक्स, म्हणजे टेस्टिंगचं वेगळं पोर्टल, आहे, तिकडं वळवा. पगाराचे आकडे झाका.

आता क्रम, इथंच जास्तीत जास्त लोक फसतात. सॅप ही ईआरपी वापरणाऱ्यांसाठी सांगतो, बाकीच्यांनी आपल्या स्क्रिप्टला लावून घ्या. ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट (बदल एका सिस्टीममधनं दुसरीत न्यायचं गाठोडं) एकदा रिलीज झाली की तिच्यात बदल होत नाही, चूक सापडली की नवीन रिक्वेस्ट. म्हणजे एकाच प्रोग्रामच्या तीन-तीन रिक्वेस्ट तयार होतात. समजा पहिली रिक्वेस्ट कुणाच्या मंजुरीसाठी अडकली आणि तिसरी आधी प्रॉडक्शनला गेली. आठवड्यानं कुणीतरी पहिली इम्पोर्ट केली की नवीन प्रोग्रामवर जुना बसला. एरर काहीच येत नाही, कारण सिस्टीमच्या दृष्टीनं सगळं बरोबर झालं. दुसरं म्हणजे प्रोग्राम गेला पण तो वापरतो तो टेबलचा नवा फील्ड दुसऱ्याच रिक्वेस्टमध्ये राहिला, मग इम्पोर्टचा निकाल सांगणारा रिटर्न कोड ८ येतो. ४ आला तर वॉर्निंग आहे, वाचून पुढं जा, ८ आला तर थांबायचं, १२ आला तर बेसिसवाल्याला (सॅपची सिस्टीम सांभाळणारा) उठवायचं. क्वालिटीमध्ये ज्या क्रमानं गेलं त्याच क्रमानं प्रॉडक्शनला, मधली एक उचलून पुढं न्यायची नाही, न्यायचीच असेल तर तिच्यातल्या वस्तू दुसऱ्या कुठल्या रिक्वेस्टमध्ये आहेत ते आधी बघायचं. सॅप नसेल तर डेटाबेस स्क्रिप्टला ००१, ००२ असे नंबर द्या आणि कुठल्या सर्व्हरवर कुठवर चाललंय ते एका टेबलात नोंदवा.

आणि सगळ्या सर्व्हरवर गेलं का ते मोजा. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीनं नवीन कोड टाकला, आठातला एक सर्व्हर राहिला, त्याच्यावरचा बंद पडलेला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान. त्यात अजून वाईट म्हणजे गडबडीत त्यांनी बरोबर चाललेल्या सातांवरनंच नवीन कोड काढला आणि जुना आठही ठिकाणी चालू लागला.

दोन सिस्टीमच्या मधला फील्ड बदलायचा असेल तर एका झटक्यात बदलू नका. जुना फील्ड तसाच ठेवा, शेजारी नवीन घाला, दोन्ही भरत ठेवा. मग एकेक सिस्टीम नवीनवर न्या. शेवटची गेली, एक महिनाअखेर नीट पार पडली, की जुना काढा. वेळ लागतो, मॅनेजर कुरकुरतो, पण रात्री दोनला फोन येत नाही. माझं वजनाचं प्रकरण असं केलं असतं तर कुणाला कळलंपण नसतं.

कधी करायचं? महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत नाही, जीएसटीच्या रिटर्नच्या, म्हणजे जीएसटीआर-१ च्या ११ तारखेच्या आणि ३बी च्या २० तारखेच्या तोंडावर नाही, मार्चअखेर तर नावच काढू नका. आमचा एक घरचा नियमपण आहे: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेली की प्रॉडक्शनला हात लावायचा नाही. हसू नका, २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा सर्व्हररूमपर्यंत पोचणारं कुणीच नव्हतं.

सरकारी तारीख मात्र आपल्या हातात नसते. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलनं दर बदलले, लागू २२ सप्टेंबरपासून, ऑटो पार्ट २८ वरनं १८ टक्क्यांवर. हातात तीन आठवडेसुद्धा नाहीत. ज्यांनी दर तारखेनुसार मास्टरमध्ये ठेवले होते त्यांचं काम अर्ध्या दिवसाचं, ज्यांनी प्रोग्राममध्ये २८ लिहून ठेवलं होतं ते शोधत बसले. आणि २२ च्या आधीच्या बिलावर नंतर क्रेडिट नोट काढायची तर जुनाच दर लागतो, म्हणून जुना दर पुसायचा नाही, त्याची मुदत संपवायची.

उलटं फिरवायचं कधी, तेबी नदीसारखंच आधी ठरवून लिहा. ३९ फुटाला सामान बांधायला घेतात, ४३ फुटाला घर सोडतात, पाणी दारात आल्यावर कुणी चर्चा करत नाही. आमच्याकडं लागोपाठ तीन बिलं परत आली की इशारा, अर्ध्या तासात कारण सापडलं नाही की चेंज मागं. सॅपमध्ये इम्पोर्टला अन्डू नाही, म्हणून जुन्या व्हर्जनची रिक्वेस्ट आधीच बनवून ठेवा. आणि डेटाबेसचा बॅकअप आहे म्हणून निवांत राहू नका, लाईव्ह गेल्यावर दोन तासांत पन्नास जीआरएन (आलेल्या मालाच्या नोंदी) आणि वीस बिलं झाली असतील तर बॅकअप चढवल्यावर तीबी जातात, आणि बिलं तर पोर्टलवर नोंदली गेलेली असतात.

लाईव्ह झालं की घरी जायचं नाही. मी आता डिस्पॅचला खुर्ची टाकून बसतो. पहिली गाडी वजनकाट्यावर चढते, बिल निघतं, क्यूआर स्कॅन होतो, ई-वे बिल येतं, गेटचा वॉचमन नोंद करतो. मग डिस्पॅचच्या त्याच पोराची रजिस्टरवर सही घेतो. माझ्या मॅनेजरची सही त्याच्या खाली.