जुन्या इंजिनाची पितळी नावपट्टी घरी कोरताना

गुऱ्हाळावरच्या जुन्या ऑइल इंजिनाची पट्टी झिजली असेल, तर नवी घरी करता येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पितळी पत्र्याचा तुकडा सहज मिळतो. एक मिमी जाडी पुरे.

पत्रा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून ॲसिटोनने पुसा, मग बोट लावू नका. बोटाच्या तेलावर टोनर (लेझर प्रिंटरची काळी पूड) धरत नाही. अक्षरं उलटी करून लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापा, इस्त्रीने पत्र्यावर चिकटवा, कागद पाण्यात भिजवून सोलून काढा. मागची बाजू आणि कडा टेपने बंद करा.

खरी मेख पुढे आहे. फेरिक क्लोराईड हे रसायन उघडं पितळ खातं, टोनरखालचं शाबूत राहतं. त्याच्या द्रावणात पत्रा तोंड खाली करून तरंगता ठेवा. पाठीला थर्माकोलचा तुकडा चिकटवला की झालं. विरघळलेला गाळ खाली पडत राहतो आणि कोरीव तळ एकसारखा येतो. तोंड वर ठेवलं की गाळ कोरलेल्या भागातच बसतो. भांडं प्लॅस्टिकचंच हवं. द्रावण कोमट असलं तर काम लवकर होतं. अर्ध्या तासाने पत्रा धुऊन नखाने कड चाचपा, खोली कमी वाटली तर परत ठेवा.

पुरेसं कोरलं की सोड्याच्या पाण्यात बुडवा, कोरलेल्या भागात काळा इनॅमल भरा, वाळल्यावर सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून घासा.

हातमोजे आणि चष्मा हवाच. वापरलेल्या द्रावणात तांबं असतं, ते गटारात ओतलं तर पंचगंगेतच जाणार. बाटलीत साठवा आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्लेटिंगवाल्याला विचारून त्याच्याकडे द्या.