पेशींचा ऑक्सिजन तोडायचा, तर गाठ घड्याळाशी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला येणारी मुलं दरवर्षी तोच वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिनांचे पट्टे दाखवणारी चाचणी) घेऊन माझ्याकडे येतात. अ‍ॅक्टिनचा (तुलनेसाठीचं नेहमीचं प्रथिन) पट्टा ठसठशीत, पण ऑक्सिजन घटल्यावर साचणाऱ्या एचआयएफ-१ अल्फा या प्रथिनाच्या जागी कोरं. राग निघतो अँटिबॉडीवर. ती बिचारी बहुतेक वेळा ठीकच असते. घोळ होतो तो कमी ऑक्सिजनचा चेंबर उघडल्यापासून पेशी फोडेपर्यंतच्या वेळात.

कारण असं की पेशी हे प्रथिन सतत बनवते आणि सतत मोडते. ऑक्सिजन पुरेसा असला की प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे विकर ऑक्सिजन आणि लोह वापरून त्याच्या ४०२ आणि ५६४ क्रमांकांच्या प्रोलिनांवर हायड्रॉक्सिल गट बसवतं. ती खूण पाहून व्हीएचएल हे प्रथिन त्याला युबिक्विटिन (मोडीत काढायची चिठ्ठी) लावतं आणि प्रोटिएझोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचा फडशा पाडतं. ऑक्सिजन घटला की खूण पडत नाही, प्रथिन साचतं, केंद्रकात जाऊन व्हीईजीएफ, ग्लुट-१ वगैरे जनुकं चालू करतं. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. आपण लक्षात ठेवायचं ते इतकंच की मोडणारी यंत्रणा मेलेली नसते. पुन्हा हवा लागली की पाचेक मिनिटांत निम्मं प्रथिन गायब.

आदल्या दिवशी पेशी अशा पेरा की सकाळी प्लेट ७०-८० टक्के भरलेली असेल. गच्च भरलेल्या पेशी स्वतःच तळाशी ऑक्सिजन संपवतात, मग तुमचा कंट्रोलही (साध्या हवेतली तुलनेची प्लेट) अर्धवट हायपॉक्सिक, म्हणजे ऑक्सिजन कमी पडलेला, होतो. ६ सेंटिमीटरच्या प्लेटला ३ मिली मीडियम (पेशींचं पोषक द्रव), कंट्रोल आणि हायपॉक्सिया दोन्हीकडे सारखंच. साध्या इन्क्युबेटरमध्येही २१ टक्के ऑक्सिजन नसतो हे वहीत लिहून ठेवा; बाष्प आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड धरला तर साधारण साडेअठरा उरतो.

मीडियम रात्रभर १ टक्का ऑक्सिजनमध्ये उघड्या डिशमध्ये ठेवा. द्रवात विरघळलेला ऑक्सिजन सावकाश निघतो आणि प्लॅस्टिकही थोडा धरून ठेवतं. गॅस भरायचा चेंबर वापरत असाल तर तासाभराने पुन्हा गॅस सोडा. नायट्रोजनच्या सिलिंडरचा काटा शुक्रवारी संध्याकाळी बघायचा, सोमवारी सकाळी नव्हे.

पेशी कमी ऑक्सिजनमध्ये ४ ते ६ तास ठेवल्या की पुरतं. एका प्लेटमध्ये हवेतच १०० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइड घाला. कोबाल्ट ते हायड्रॉक्सिलेज बंद पाडतं, त्यामुळे हवेतही पट्टा उमटायला हवा. कोबाल्टचा पट्टा आला आणि हायपॉक्सियाचा नाही, तर अँटिबॉडी निर्दोष आहे.

आता खरा भाग. दोघं जण लागतात. एकाने एकच प्लेट काढायची आणि दार लगेच लावायचं. दुसऱ्याने मीडियम ओतून द्यायचं, बर्फगार पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) एकदा धुवायचं आणि २०० मायक्रोलिटर एसडीएस (पेशी फोडणारं डिटर्जंट) बफर थेट पेशींवर घालून खरवडायचं. हे सगळं मिनिटभरात. एसडीएस पडलं की प्रोटिएझोमसकट सगळी विकरं निकामी होतात. डीएनएमुळे लाइसेटला (फोडलेल्या पेशींच्या द्रवाला) पाकासारखी तार सुटेल. घाबरू नका, बारीक सुईतून चार-पाच वेळा ओढलं की पातळ होतं. डीटीटी (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) आणि निळा रंग प्रथिन मोजून झाल्यावरच घाला. जेल ८ टक्क्यांचं. अमिनो आम्लांच्या हिशेबाने वजन ९३ किलोडाल्टन येतं, पण पट्टा दिसतो ११०-१२० च्या आसपास. मेम्ब्रेन (पट्टे उतरवलेला पडदा) १०० वर कापून वरचा तुकडा टाकून देणारे महाभाग दर बॅचला असतात.

ऑक्सिडेटिव्ह इजेचा प्रयोग वेगळा मांडा. त्यात हायपॉक्सियाची नक्कल म्हणून कोबाल्ट वापरू नका. ते स्वतःच मुक्त मूलकं (पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) तयार करतं, मग कोणता परिणाम कशाचा हे सांगता येत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. ३० टक्क्यांची बाटली साधारण ९.८ मोलर असते, पण उघडलेल्या बाटलीवरच्या लेबलवर विश्वास ठेवायचा नाही. अंदाजे १० मिलिमोलर करून २४० नॅनोमीटरवर मोजा. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये प्रकाशशोषण ०.४३६ च्या जवळपास यायला हवं. पेशींना २०० मायक्रोमोलरपासून सुरुवात करा. मीडियममध्ये सोडियम पायरुव्हेट आहे का ते आधी वाचा, कारण पायरुव्हेट पेरॉक्साइड खाऊन टाकतं आणि पेशी भलत्याच कणखर वाटू लागतात.

इथला पहारेकरी एनआरएफ-२ हे प्रथिन. एरवी कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला मोडायला धाडतं. कीप-१ च्या सिस्टिनांना (गंधक असलेली अमिनो आम्लं) ऑक्सिडेशनची झळ बसली की एनआरएफ-२ सुटतं आणि बचावाची जनुकं चालू करतं. नवख्यांनी एनआरएफ-२ च्या मागे न लागता त्याने चालू केलेलं ३२ किलोडाल्टनचं एचओ-१ हे प्रथिन बघावं, पट्टा स्वच्छ येतो. पण काही पेशींत एचओ-१ हायपॉक्सियानेही वाढतं, म्हणून जोडीला एनआरएफ-२ नेच चालू होणारं एनक्यूओ-१ ठेवा. डीसीएफडीए या ऑक्सिडेशन झालं की चमकणाऱ्या रंगाचे हिरवे फोटो सेमिनारमध्ये छान दिसतात, पण तो रंग एका ठरावीक मूलकापुरता नाही आणि मायक्रोस्कोपच्या उजेडानेही चमकायला लागतो. फक्त त्याच्या जोरावर निष्कर्ष काढलेला मला चालत नाही. एन-असेटिलसिस्टिन हे ऑक्सिडेशनरोधक देऊन परिणाम उतरतो का, तेही दाखवा.

आणि तीन वेळा करायचं म्हणजे तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या प्लेटमध्ये हलवण्याच्या वेगळ्या फेरीतल्या) पेशींवर. एका दुपारी लावलेल्या तीन प्लेट हा एकच प्रयोग धरला जाईल.