पुळणीवरच्या वळ्या चांदीत उतरवताना

समुद्रावरून परतताना सगळ्यांच्या खिशात शिंपले असतात. माझ्याही असायचे. सुरुवातीच्या माझ्या दागिन्यांत शिंपला म्हणजे शिंपलाच होता: साचा काढायचा, चांदीत ओतायचा, कडी लावायची. दिसायचे बरे, विकलेही गेले. पण त्यांत माझा किनारा कुठे दिसेना, कारण तसला शिंपला कुठल्याही किनाऱ्यावर सापडतो. मला डोळे मिटले की दिसायच्या त्या ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उरलेल्या वळ्या. त्या चांदीत कशा आणायच्या हे कळायला मला फार वेळ लागला. तुमचा तेवढा जाऊ नये.

आधी वाळूवर जायचं. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ‘रोज सहाला जाईन’ हा नेम समुद्राशी जमत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यांत मागे हटतं. त्यातही ऊन तिरपं असेल अशी ओहोटी धरा. डोक्यावरच्या उन्हात वळ्या असून नसल्यासारख्या. दहा पावलांचा एकच पट्टा निवडा आणि पुन्हा पुन्हा तिथेच जा.

उकिडवं बसा आणि वळीवरून आडवं बोट फिरवा. दोन्हीकडचे उतार सारखे लागले, तर तिथे पाणी लाटांबरोबर नुसतं मागेपुढे हेलकावत होतं. एक उतार लांब आणि दुसरा एकदम उभा लागला, तर पाणी वाहत गेलंय, उभ्या उताराच्या बाजूला. मी सारख्या उताराची वळी अंगठीला घेते, कारण अंगठी उलटसुलट कशीही बोटात जाते. एकतर्फी वळी पदकासाठी राखून ठेवते. पदकाला वर-खाली असतं, तिथे वाहण्याची दिशा कळते.

फोटो काढा, पण त्यावर विसंबू नका. फोटोत सगळंच येतं. पेन्सिलीने काढताना काय सोडायचं ते ठरवावंच लागतं. माझ्या पट्ट्यावर दोन वळ्यांत चार बोटांचं अंतर असतं, अंगठीवर त्याचे दोन मिलिमीटर होतात. पहिल्या अंगठीवर मी हौसेने अकरा वळ्या बसवल्या. अंगठी कसली, नळाचे आटे! आता तीनच घेते, आणि त्यातली एक मध्येच दोन फाट्यांत फुटलेली. वाळूत फुटते ना, तशी.

ओतकामासाठी मी समुद्रफेन वापरते. किनाऱ्यावर होडीच्या आकाराचा पांढरा, हलका तुकडा सापडतो, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना चोच घासायला देतात तोच. ते कटलफिश या प्राण्याच्या अंगातलं कवच. एक बाजू टणक, दुसरी खडूसारखी मऊ. प्राणी वाढतो तसा आत थरावर थर चढत जातो आणि या थरांच्या कडा कापलेल्या तुकड्यावर समांतर रेषांसारख्या उमटतात. वाळूच्या वळ्याच जणू, फक्त बारीक. म्हणून तर हे साधन.

किनाऱ्यावरून उचललेलं असेल तर गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा आणि पूर्ण वाळवा. पूर्ण म्हणजे पूर्ण. मी एकदा एका दिवसाच्या उन्हावर भागवलं. आत राहिलेल्या ओलीची वाफ झाली आणि ओतलेली चांदी तोंडातून उलटी उसळली. चामड्याचा एप्रन होता म्हणून वाचले. आता मी कित्येक आठवडे वाळवते. चष्मा, मास्क, एप्रन याशिवाय या कामाला बसूच नका. समुद्रफेनाची भुकटी नाकात जायला नको.

निमुळती टोकं करवतीने कापा. उरलेल्या तुकड्याचे उभे दोन भाग करा, किंवा दोन समुद्रफेन घ्या. मऊ बाजू काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर घासून इतक्या सपाट करा की जोडल्यावर फटीतून उजेड दिसू नये. नमुना, म्हणजे ज्याचा ठसा साच्यात उठवायचा तो आधी घडवलेला दागिना, कडक हवा, पितळेचा किंवा कडक प्लास्टिकचा. मेण दाबताना वाकतं. तो जाड भागात, चहूबाजूंनी निदान एक सेंटिमीटर जागा सोडून, एका भागात निम्मा दाबा, मग दुसरा भाग वरून सरळ दाबा. इथे हात हलला तर सगळं पुन्हा.

नमुना काढला की माझा आवडता भाग येतो. मऊ ब्रशने खाच झाडायची. थरांमधली भुसभुशीत भुकटी निघते, कडा वर राहतात आणि रेषा ठसठशीत होत जातात. पाच-सहा हात मारून थांबा. मी थांबत नसे, मग चांदीत नुसता खरबरीतपणा उतरायचा.

वरून खाचेपर्यंत नरसाळ्यासारखी वाट कोरा. हवा निघायला खाचेच्या कडांपासून वर तिरक्या जाणाऱ्या बारीक चरा काढा. दोन्ही भाग तारेने बांधून वाळूच्या ट्रेमध्ये उभे करा.

चांदी किती लागेल? नमुना मोजपात्रातल्या पाण्यात बुडवा. चांदी पाण्याच्या साधारण १०.४ पट जड, म्हणून अर्धा मिलिलिटर पाणी चढलं तर गुणिले १०.४, म्हणजे ५.२ ग्रॅम. नरसाळ्यासाठी जवळपास तेवढीच आणखी घ्या. ९२.५ टक्क्यांची चांदी सुमारे ८९० अंशांना पूर्ण पातळ होते. मुशीत, म्हणजे चांदी वितळवायच्या भांड्यात, टाकणखाराची चिमूट टाका. चांदी आरशासारखी लखलखून मुशीत लोळायला लागली की टॉर्चची ज्योत तिच्यावरून न हटवता एका दमात ओता. केस जळल्यासारखा वास येईल, घाबरू नका, समुद्रफेनातला सेंद्रिय भाग जळतोय. साचा एकदाच चालतो, आतून करपून जातो.

नरसाळ्याचा दांडा कापा, कानस फक्त आतल्या बाजूला आणि जोडाच्या रेषेवर चालवा. मग पोटॅशियम सल्फाइडच्या कोमट पाण्यात दागिना काळा करा आणि वळ्यांचे माथे तेवढे घासून उजळा. काळे खळगे, चमकते माथे: पाणी नुकतं ओसरलेल्या वाळूवर तिरप्या उन्हात असंच दिसतं. आरशासारखं पॉलिश मात्र नको, रेषा बुजतात.

कानातल्यांची जोडी हवी असेल तर दोन साचे करू नका. एकाच समुद्रफेनात, एकाच थराच्या दिशेने, दोन खाचा शेजारी-शेजारी दाबा आणि एकाच नरसाळ्यातून दोन फाटे काढा. तरीही दोन्हींच्या रेषा तंतोतंत जुळणार नाहीत. गिऱ्हाइकाला हे मी ऑर्डर घेतानाच सांगते आणि कुठलं कुठल्या कानात ते तिच्यावर सोडते.