डोक्याला गंभीर मार लागलेल्या जोडीदाराला घरी कसं सांभाळावं

दुचाकी घसरली, आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर आठवडे गेले, आणि आता डॉक्टर म्हणतात, 'घरी न्या.' टाके सुकलेत, केस उगवायला लागलेत. भेटायला येणारे म्हणतात, 'आता तर अगदी बरे दिसताहेत!' घरच्यांची खरी अडचण इथूनच सुरू होते. मेंदूची इजा चेहऱ्यावर दिसत नाही. संध्याकाळी अचानक चढणाऱ्या रागात ती दिसते, तासाभरापूर्वी घेतलेली गोळी न आठवण्यात दिसते, लेकीच्या वाढदिवसालाही अंथरुणातून न उठण्यात दिसते. घराची घडी या न दिसणाऱ्या इजेच्या हिशेबानं बसवावी लागते.

१. घरी आणण्याआधी विचारून घ्या

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या धावपळीत काही सुचत नाही. आदल्या दिवशीच प्रश्न वहीत लिहून डॉक्टरांना गाठा. मेंदूच्या कुठल्या भागाला इजा झाली? फिटची गोळी किती दिवस द्यायची? रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ती परत कधी सुरू करायची? पुढचं सीटी स्कॅन कधी?

मेंदूला सूज आल्यामुळे कवटीचा तुकडा काढला असेल, तर तो कुठे ठेवलाय हे विचारा. बऱ्याचदा तो रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. तोवर त्या बाजूवर दाब येता कामा नये. कुशीवर झोपवताना दुसरी बाजू खाली ठेवायची. चालताना संरक्षक टोपी किंवा हेल्मेट लागेल का, तेही विचारा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगा की डोक्याला तेल लावून मालीश करायची नाही.

नाकातून नळी असेल, तर तिच्यातून अन्न देणं सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं करून बघा. नुसतं पाहून ते जमत नाही. अन्न देताना पाठ उंच हवी आणि नंतर अर्धा तास तशीच राहू द्यावी, म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. माणूस अंथरुणालाच खिळलेला असेल तर दर दोन तासांनी कूस बदला आणि माकडहाड, टाचा, कोपर लाल झालेत का ते रोज पाहा.

२. घरात थोडे बदल

बाथरूममध्ये रबरी मॅट, भिंतीला दांडी, बसून आंघोळ करायला खुर्ची. आतून कडी लावायची नाही. पायपुसणी आणि जमिनीवरच्या वायरी उचलून ठेवा.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. डोक्याच्या मारानंतर अनेकांची वास घेण्याची शक्ती जाते. गॅस गळतोय, दूध नासलंय, डाळ करपतेय, यातलं काहीच त्यांना कळत नाही. त्यामुळे रेग्युलेटर रात्री आणि बाहेर पडताना बंद करण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी.

३. या खुणा दिसल्या की थांबू नका

वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, उठवूनही न उठणारी झोप, नव्यानं आलेला गोंधळ, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, ताप आणि मान ताठरणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठत जाऊन त्रास आठवड्यांनंतरही होऊ शकतो. सुधारत असलेला माणूस पुन्हा मंदावला, चाल बिघडली, कपड्यातच लघवी व्हायला लागली, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून सोडून देऊ नका. डोक्यात पाणी साठत असण्याची ती खूण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

४. फिट आली तर

कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या वस्तू हलवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवल्यानं काहीही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर लगेच रुग्णालय. पहिलीच फिट असेल तर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फिटची गोळी आपल्या मनानं कधीच बंद करू नका. उपास असला तरी गोळी चुकवायची नाही. जागरण आणि दारू दोन्ही वर्ज्य.

५. दिवसाला ठरावीक वेळापत्रक

इजा झालेला मेंदू लवकर थकतो. आंघोळ, नाश्ता आणि एक पाहुणा एवढ्यातच काहींची दिवसभराची शक्ती संपते. अवघड कामं, म्हणजे फिजिओथेरपी आणि बोलण्याचे व्यायाम, सकाळी ठेवा. त्यानंतर शांत खोलीत विश्रांती. एका वेळी एक-दोनच माणसं, तीही वीसेक मिनिटं. टीव्ही चालू, कुकरची शिट्टी आणि तीन जणांच्या गप्पा, एवढं एकत्र आलं की डोकं भणभणतं आणि मग भडका उडतो. गणपतीत घरासमोरून ढोल-ताशा जाणार असेल तर त्या संध्याकाळी त्यांना एखाद्या शांत नातेवाइकाकडे न्या.

आठवण राहत नसेल तर भिंतीवर मोठं कॅलेंडर, मोठं घड्याळ आणि नेहमी एकाच जागी ठेवलेली वही. आज कोण आलं, काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, सगळं तिच्यात. 'सांग बघू, हे कोण आलंय?' अशी परीक्षा पाहुण्यांसमोर घेऊ नका. 'हे तुमचे मावसभाऊ, नाशिकहून आलेत,' असं आपणच सांगून टाकावं.

६. स्वभाव बदलतो तेव्हा

कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्याला आवर घालतो आणि कामाला प्रवृत्तही करतो. तिथे इजा झाली की शांत माणूस शिव्या देतो, चारचौघांत नको ते बोलतो, किंवा सांगितल्याशिवाय हलतच नाही. यातलं बरंचसं जाणूनबुजून नसतं. 'आळशी झालाय', 'बायकोवर राग काढतोय' असं सासरचे किंवा माहेरचे म्हणू लागले, तर त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं पटतं.

भडका उडालेला असताना समजावू नका, वाद घालू नका. आवाज खाली आणा, विषय बदला, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. नंतर वहीत लिहा की आधी काय झालं होतं. भूक, थकवा, गोंगाट, दुखणं, यांतलं एखादं कारण बहुतेकदा सापडतं. पण इजा आहे म्हणून मार खाणं हे तुमचं कर्तव्य नाही. हात उचलला जात असेल तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा. औषधं आहेत, न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या इजेनंतरचं वागणं आणि स्मरण यांवर काम करणारे मानसतज्ज्ञ असतात. आणि त्या घटकेला धोका वाटला तर घराबाहेर पडा.

शरीरसंबंधांची इच्छा कमी होते किंवा भलतीच वाढते. हे डॉक्टरांशी बोलायला संकोच करू नका, आणि मनाविरुद्ध होकार देऊ नका.

इजा बायकोला झाली असेल तर आणखी एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. चालायला लागली की तिला ओट्याशी उभं केलं जातं. स्वयंपाकात एकाच वेळी चार गोष्टींचं भान ठेवावं लागतं, आणि इजा झालेल्या मेंदूला नेमकं तेच जड जातं. सुरुवातीला भाजी निवडणं, मग सोबत कुणी असताना एक पदार्थ, असं हळूहळू वाढवा. तोवर पोळ्या नवऱ्यानं कराव्यात किंवा डबा लावावा.

७. पैसे, कागद आणि नोकरी

विचार न करता खर्च होत असेल तर मोबाइलवरच्या पेमेंटची मर्यादा कमी करून घ्या. ओटीपी आणि सह्यांचे व्यवहार काही काळ दोघांनी मिळून करा. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय गाडी नाही, गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंतही नाही.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांत वेगानं होते आणि पुढेही संथपणे चालू राहते. म्हणून नोकरीचा राजीनामा घाईनं देऊ नका. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्यावरून कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, हे दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ च्या कलम २० मध्ये आहे. रस्ता अपघात असेल तर एफआयआरची प्रत, सगळी बिलं आणि रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवून वकिलाला लवकर भेटा. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करायला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत वाचा-उपचार मिळतात.

८. तुमची झोप

रात्रीची पाळी एकट्यानं सलग करू नका. दीर, बहीण, मोठा मुलगा, ज्याला जमेल त्याला ठरलेला वार द्या. 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्याला तिथेच सांगा, 'गुरुवारी रात्री ये.' माणूस समोर जिवंत असतानाही जुना माणूस गेल्याचं दुःख होतं. ते वाटणं कृतघ्नपणा नव्हे. मन फारच खचलं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं आणि रात्रीही लागतो.