कॅन्सरच्या पेशंटची गोष्ट ऐकायची कशी आणि जपून ठेवायची कशी

घरात कोणाला कॅन्सर झाला की महिन्याभरात त्या माणसाची फाईल होते, येणारा-जाणारा रिपोर्ट, रक्ताचे काऊंट, पुढची केमो कधी एवढंच विचारतो. त्यांना स्वतःबद्दल बोलू द्यायचं असेल तर थोडी तयारी लागते.

आधी वेळ बघा. केमोनंतरचे दोन-चार दिवस मळमळ, थकवा असतो, तेव्हा नको. जरा तरतरी आली की चहानंतर बसा, "बाबा, रेकॉर्ड करू का?" असं विचारा आणि मोबाईल फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर नेमका तेव्हाच लोनवाल्यांचा कॉल येतो.

सुरुवात आजारापासून करू नका. कॅनडातल्या डॉ. हार्वी चोचिनोव्ह यांची डिग्निटी थेरपी शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी आहे, त्यात आयुष्यातलं काय आठवतं, कशाचा अभिमान वाटतो, घरच्यांना काय सांगून ठेवायचंय असं विचारतात, मग ते टाईप करून पेशंटकडून दुरुस्त करून घेतात आणि त्यांच्याच हातात देतात. 2011 च्या मोठ्या चाचणीत त्याने डिप्रेशन काही फारसं कमी झालं नाही, पण उपयोग झाला, घरचे आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, असं पेशंटच म्हणाले. मला हे कमी वाटत नाही.

घरी मात्र प्रश्न छोटेच बरे. "पहिला पगार किती होता, काय केलंत त्याचं?" एवढं विचारलं की गाडी सुटते, मग लोकल, डबा, चाळीतली नळावरची भांडणं सगळं निघतं. साल चुकलं तर चुकू दे, मधे टोकू नका. आणि भीती बोलून दाखवली, रडू आलं, तर "असं अभद्र बोलू नये, तुम्ही ठणठणीत होणार" हे तर अजिबात नको, कारण मग माणूस जो गप्प होतो तो होतोच.

बोलायला आवडत नसेल तर वही द्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची पद्धत सोपी आहे, तीन-चार दिवस रोज 15-20 मिनिटं मनातलं लिहायचं, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. लिहून झाल्यावर थोडा वेळ उदास वाटतं, ते ओसरतं. फायदा सगळ्यांनाच होतो असं नाही, गाठ तर याने कमी होत नाहीच, औषधं चालूच ठेवायची. झोप उडाली, जगणंच नको असं बोलायला लागले तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आणि हो, रेकॉर्डिंग त्यांना न विचारता फॅमिली ग्रुपवर टाकू नका.